मुंबई ८४ किलोमीटर

७ जुलै १९६२. मध्यरात्र उलटून दहा मिनिटं झाली असतील. जुन्नरच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या माथ्यावरच्या दावंड्याच्या डोंगराला अलितालिया या इटालियन कंपनीचं प्रवासी विमान धडकलं. डग्लस डीसी-८ जातीचं, चार जेट इंजिनांचं मोठं विमान. ८५ प्रवासी आणि ९ कर्मचारी. चौऱ्याण्णवपैकी एकही जण वाचला नाही.

फ्लाइट ७७१ सिडनीहून निघालं होतं. डार्विन, सिंगापूर, बँकॉक असे थांबे घेत ते मुंबईकडे येत होतं आणि मुंबईनंतर कराची, तेहरान करत रोमला पोहोचणार होतं. बँकॉकहून सुटलं तेव्हा आपल्या घड्याळात रात्रीचे पावणेनऊ वाजले होते. मुंबईत उतरण्याची अपेक्षित वेळ होती सव्वाबाराच्या सुमाराची. म्हणजे डोंगराला धडकलं तेव्हा विमानातल्या हिशेबाप्रमाणे मुंबई पाच मिनिटांवर होती.

प्रत्यक्षात सांताक्रूझचा विमानतळ तिथून ८४ किलोमीटर लांब होता.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. पाच मिनिटांत ८४ किलोमीटर जायचं तर ताशी हजार किलोमीटरचा वेग लागतो. डीसी-८ पस्तीस हजार फुटांवर, सरळ रेषेत, पूर्ण जोरात उडतानाही तेवढं पळत नाही. उतरायला आलेलं विमान तर त्याच्या निम्म्या वेगाने येतं. चूक किती मोठी होती ते एवढ्या भागाकारावरून कळतं. पण हा भागाकार आज आपण टेबलाशी बसून, ८४ हा आकडा हाती असताना करतो आहोत. त्या रात्री कॉकपिटमध्ये तोच आकडा कुणाच्या हाती नव्हता.

पानशेतचं धरण फुटून वर्ष पुरं व्हायला पाच दिवस उरले होते. पुणे जिल्हा त्या धक्क्यातून नीट सावरलेला नव्हता. जुलैच्या पहिल्या आठवड्यात घाटमाथ्यावर भात लावणीची घाई असते. आपटाळे, इंगळूण, आंबे, हातवीज ही जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातली गावं आणि खाली आंबेगाव तालुक्यातलं आहुपे, भीमाशंकरचा डोंगर, हा सगळा मुलूख महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांचा. खाचरं, नाचणी-वरईचे उतार, हिरड्याची झाडं. जुलैत इथे धुई इतकी दाटते की भर दुपारी दहा पावलांवरचं माणूस दिसत नाही, नुसता आवाज येतो. पावसाची झड लागली की आठ-आठ दिवस सूर्य नसतो. डिंभ्याचं धरण, त्याच्या कडेने जाणारे डांबरी रस्ते, टॉवर, मोबाइल यातलं तेव्हा काहीच नव्हतं. जुन्नरहून वर यायचं म्हणजे पायी. अशा मुलखात, अशा रात्री, आंतरराष्ट्रीय जेट विमान डोंगरावर येऊन पडलं. जेट प्रवास तेव्हा जगातच नवा होता.

घाटमाथ्याची रचना डोळ्यांसमोर आणल्याशिवाय हा अपघात कळत नाही. पूर्वेकडून, म्हणजे नगर-पारनेरच्या बाजूने आलं की जमीन हळूहळू चढत जाते. नारायणगाव, जुन्नर ही गावं समुद्रसपाटीपासून दोन-सव्वादोन हजार फुटांवर. तिथून पश्चिमेला चावंड, हडसर, जीवधन, ढाकोबा अशी एकेक उंची उभी राहत जाते. हरिश्चंद्रगडाचा माथा साडेचार हजार फुटांच्याही वर. आणि मग एकाएकी कडा. नाणेघाटाच्या तोंडाशी किंवा आहुप्याच्या कड्यावर उभं राहिलं तर पायाखाली दोन हजार फूट खोल कोकण पसरलेलं असतं, मुरबाडची शेतं चिमुकली दिसतात. मुंबईच्या वाटेवरची शेवटची भिंत ती हीच. तिच्या पलीकडे समुद्रापर्यंत जमीन बहुतेक खालीच आहे. विमान दावंड्याच्या डोंगराला धडकलं ते ३,६०० फुटांवर. कोकणाचा कडा तिथून काही किलोमीटर पुढे. ती काही किलोमीटर निभावली असती तर त्याच उंचीवर विमानाखाली अडीच-तीन हजार फूट मोकळी हवा असती.

जेट विमान उतरतं कसं, तेही सांगायला हवं. पस्तीस हजार फुटांवरून विमान एकदम खाली येत नाही. वैमानिकांचा जुना ठोकताळा असा की हजार फूट खाली येण्यासाठी साधारण तीन सागरी मैल लागतात. पस्तीस हजार फुटांसाठी एकशे पाच सागरी मैल, म्हणजे सुमारे १९५ किलोमीटर. पूर्वेकडून मुंबईला येणाऱ्या विमानाने म्हणून साधारण नगरच्या आकाशात उतरायला लागावं. त्याच ठोकताळ्याने विमानतळापासून ८४ किलोमीटरवर, म्हणजे ४५ सागरी मैलांवर, विमान पंधरा हजार फुटांच्या आसपास असायला हवं. साडेतीन हजार फुटांवर ते यायला हवं ते मुंबई वीसेक किलोमीटर उरल्यावर, ठाण्याच्या खाडीच्या आसपास. फ्लाइट ७७१ ची उंची खाडीवरची होती आणि जागा जुन्नरची.

१९६२ साली आपण कुठे आहोत हे कळण्याचे मार्ग मोजके होते. उपग्रहावरून जागा सांगणारी यंत्रणा नव्हती. वेग, दिशा आणि वेळ यांवरून अंतर काढायचं, आणि जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांचे संकेत पकडून ते पडताळायचं. पहिलं काम अंदाजाचं, दुसरं खातरजमेचं. रात्रीच्या धुक्यात घाट उतरणारा एसटीचा जुना चालक वळणं मनात मोजत असतो, पण गाडी वळवतो ती कठड्याचा पांढरा दगड दिव्यात दिसल्यावरच. त्या रात्री मोजणी झाली, दगड पाहायचा राहिला.

अपघाताच्या चौकशीचा निष्कर्ष थोडक्यात हाच आहे. मार्गक्रमणात चूक झाली, त्यामुळे आपण मुंबईच्या जास्त जवळ आहोत असं वैमानिकाला वाटलं. रात्री, ढगांत, केवळ यंत्रांच्या आधारे सरळ धावपट्टीकडे जाण्यासाठी तो वेळेआधी खाली आला आणि विमान उंच जमिनीवर आदळलं. जोडीला तीन कारणं नोंदली गेली. नेमकी जागा निश्चित करण्यासाठी उपलब्ध असलेली दिशादर्शक साधनं वापरली नाहीत. किमान सुरक्षित उंचीचं बंधन मोडलं. आणि मार्गावरच्या भूभागाची वैमानिकाला पुरेशी ओळख नव्हती.

या कारणांत यंत्राचा बिघाड नाही, इंजिन बंद पडणं नाही, वीज पडणं नाही. सांगतात तसं ‘पावसानं पाडलं’ असंही नाही. चारही इंजिनं चालू असताना, वैमानिकाच्या ताब्यात असलेलं विमान सरळ जमिनीवर जातं, अशा अपघातांचा विमानशास्त्रात वेगळाच वर्ग आहे. बहुतेकदा आदळण्याच्या क्षणापर्यंत आत बसलेल्या कुणालाही काही बिघडल्याची जाणीव नसते. प्रवासी पट्टे बांधून मुंबईच्या दिव्यांची वाट पाहत असतात.

आता इथे वाऱ्याबद्दल थोडं सांगतो. अहवालात हे कारण म्हणून आलेलं नाही, हा माझा तर्क आहे. पण पावसाळ्यात आपल्याकडे पूर्वेकडून येणाऱ्या विमानांना ही गोष्ट नेहमीच भोवू शकते. जुलैत जमिनीलगत आणि पंधरा-वीस हजार फुटांपर्यंत पश्चिमेचा जोरदार वारा असतो, तोच पाऊस आणतो. त्याच्या वर मात्र वारा उलटतो आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहायला लागतो. पावसाळ्यात दक्षिण भारतावर खूप उंचीवर पूर्वेचा वेगवान प्रवाह असतो हे पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञाने १९५८ साली मांडलं, म्हणजे या अपघाताच्या चारच वर्षं आधी. बँकॉकहून येणाऱ्या विमानाला वर असताना पाठीवर वारा मिळतो आणि खाली उतरलं की वारा तोंडावर येतो. वरच्या वेगाने केलेला हिशेब खाली लागू पडत नाही. घड्याळ पुढे जातं, विमान मागे राहतं. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाचा जोर मोठा असतो त्या दिवसांतच हा फरक सर्वांत मोठा असतो.

दुसरी गोष्ट उंची मोजणाऱ्या यंत्राची. विमानातला उंचीमापक खरं तर हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंची दाखवतो. प्रमाण दाब १०१३ मिलिबार धरलेला असतो. जुलैत मुंबईचा दाब बहुधा १००० ते १००५ मिलिबारच्या घरात असतो. एका मिलिबारला साधारण तीस फूट. म्हणून उतरण्याआधी मुंबईचा ताजा दाब विचारून यंत्र जुळवून घ्यावं लागतं, नाहीतर यंत्र खऱ्यापेक्षा तीनशे-साडेतीनशे फूट जास्त उंची दाखवतं. हे यंत्र जमिनीपासूनचं अंतर मोजतच नव्हतं हे लक्षात घ्यायला हवं. ते समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवत होतं. यंत्रात चार हजार दिसले म्हणजे पायाखाली चार हजार फूट हवा आहे, असं कोकणात म्हणता येतं. जुन्नरच्या पश्चिमेला तोच आकडा वाचून काहीच कळत नाही.

विमान उडवणाऱ्याला दोन हिशेब अखंड ठेवावे लागतात: मी कुठे आहे आणि माझ्याजवळ किती इंधन उरलं आहे. पहिला चुकला की डोंगर, दुसरा चुकला की शेत. फ्लाइट ७७१ च्या कारणांत इंधन नाही, पण इंधनाच्या हिशेबाची चूक याच चुकीची सख्खी बहीण आहे. प्रशिक्षणाच्या लहान विमानात दोन पंखांत दोन टाक्या असतात. काही विमानांत वैमानिकाला हाताने खटका फिरवून टाकी बदलावी लागते. ती वेळेवर बदलली नाही तर एका पंखात इंधन भरलेलं असताना इंजिन बंद पडतं. बारामतीसारख्या ठिकाणी विमान शिकणाऱ्या मुलांच्या मनावर सुरुवातीपासून बिंबवलं जातं ते हेच, की काट्यावर विसंबू नका, उडण्यापूर्वी टाकीत पट्टी बुडवून इंधन मोजा आणि हवेत घड्याळ लावून ते वजा करत राहा.

मोठ्या विमानातही हा हिशेब फसतो. १५ नोव्हेंबर १९९३ रोजी इंडियन एअरलाइन्सचं एअरबस ए-३०० मद्रासहून हैदराबादला आलं. २६२ लोक आत. धुरकट हवेमुळे धावपट्टी दिसेना म्हणून विमान पुन्हा वर उचललं, आणि उतरताना पंखांच्या मागे पसरलेल्या पट्ट्या, ज्यांना फ्लॅप म्हणतात, त्या परत आत जाईनात. त्याच अवस्थेत विमान मद्रासकडे वळवलं. पसरलेल्या फ्लॅपसकट उडणारं विमान हवेशी झगडत उडतं आणि किती तरी जास्त इंधन पितं. नेहमीच्या हिशेबाने पुरणारं इंधन मद्रासच्या अलीकडेच संपत आलं आणि तिरुपतीजवळच्या भातशेतात विमान उतरवावं लागलं. सगळे वाचले. तिथे खाली सपाट भातशेत होतं. सह्याद्रीच्या पश्चिम पट्ट्यात भातशेती आहे, पण ती पायऱ्यापायऱ्यांची, डोंगराच्या कुशीतली.

पुन्हा दावंड्याच्या डोंगराकडे येऊ. या अपघाताबद्दल वाचताना मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती ४,००० फुटांपर्यंत उतरायला दिलेली मोकळीक. मुंबईच्या नियंत्रकांनी विमानाला टप्प्याटप्प्याने खाली येण्याची परवानगी दिली होती आणि ती ४,००० फुटांपर्यंतची होती. नियमाप्रमाणे अशा परवानगीचा अर्थ एवढाच, की त्या उंचीपर्यंत दुसरं विमान तुमच्या वाटेत नाही. डोंगर नाही याची हमी त्यात नसते. ती जबाबदारी वैमानिकाची. कागदावर हे बरोबर आहे. पण रात्रीच्या साडेबाराच्या आत, ऑस्ट्रेलियापासून निघालेल्या लांबच्या उड्डाणात, परक्या देशातल्या डोंगराळ मुलखावर आलेल्या माणसाच्या कानावर जमिनीवरच्या अधिकाऱ्याच्या तोंडून ‘४,००० फूट’ शब्द पडतात तेव्हा त्याच्या मनात त्यांचा अर्थ काय होत असेल?

हा प्रश्न फक्त माझा नाही. १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूएचं फ्लाइट ५१४ व्हर्जिनियातल्या माउंट वेदरवर आदळलं, ९२ जण गेले. तिथेही उतरण्याची मंजुरी मिळाली याचा अर्थ आता खाली यायला हरकत नाही असा घेतला गेला, आणि डोंगर मध्ये आला. त्यानंतर मंजुरी म्हणजे नेमकं काय, ठरलेल्या वाटेवर येईपर्यंत किती उंची राखायची आणि ती कोणी सांगायची, हे नियम अमेरिकेत नव्याने लिहिले गेले. डोंगराळ भागात उंचीचा हिशेब एकाच माणसाच्या डोक्यावर सोडून चालत नाही हे मान्य व्हायला जुन्नरनंतर बारा वर्षं आणि कितीतरी जीव गेले. माझं स्पष्ट मत असं आहे की १९६२ च्या निष्कर्षातलं प्रत्येक वाक्य खरं असलं, तरी सगळं खापर वैमानिकावर फोडून चौकशी थांबते तिथे अर्धंच काम होतं. चुकणारा माणूस नेहमी असणारच. त्याची चूक डोंगरापर्यंत पोहोचू न देणारी दुसरी नजर कुठे होती, हा पुढचा प्रश्न आहे.

मुंबईच्या वाटेवरच्या डोंगरांनी फ्लाइट ७७१ च्या आधीही आणि नंतरही विमानं घेतली. १२ जुलै १९४९ रोजी, म्हणजे पुन्हा जुलैतच, केएलएमचं ‘फ्रानेकर’ नावाचं कॉन्स्टेलेशन विमान दिल्लीहून मुंबईला येताना घाटकोपरच्या टेकडीवर आदळलं. ४५ जण गेले. त्यांत इंडोनेशियाहून परतणारे १३ अमेरिकन पत्रकार होते. फ्लाइट ७७१ नंतर सतरा वर्षांनी, ४ ऑगस्ट १९७९ ला, इंडियन एअरलाइन्सचं पुण्याहून मुंबईला निघालेलं एव्हरो विमान पनवेलजवळच्या डोंगरावर आदळलं. तेही पावसाळी ढगांत, तेही ४५ माणसं घेऊन. पुणे-मुंबई हे अंतर किती? आपण सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतो.

अलितालियाच्या बाजूनेही पुढे असंच घडलं. ५ मे १९७२ ला याच जातीचं, याच कंपनीचं डीसी-८ सिसिलीतल्या पालेर्मोला रात्री उतरताना मोन्ताञ्या लोंगा या डोंगराच्या धारेवर धडकलं. ११५ मृत्यू. इटलीतल्या त्या डोंगरावर मृतांच्या घरचे लोक आजही जातात.

आणि आपल्या माणसांना इटलीच्या सीमेवरच्या डोंगराने घेतलं. ३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरोमार्गे जिनिव्हाला जाताना आल्प्समधल्या माँ ब्लाँवर आदळलं, ४८ जण गेले. २४ जानेवारी १९६६ ला एअर इंडियाचं बोइंग ७०७ ‘कांचनजंगा’ मुंबईहून दिल्ली, बैरूत करत जिनिव्हाला उतरायला निघालं होतं. वैमानिकाला वाटलं आपण माँ ब्लाँ ओलांडला. विमानातल्या दोन दिशादर्शक ग्राहकांपैकी एक निकामी झालेला होता. जमिनीवरच्या रडार नियंत्रकाने त्याला डोंगर अजून पुढे काही मैलांवर आहे हे सांगण्याचा प्रयत्न केला, पण त्या बोलण्यातून नेमकं जे कळायला हवं होतं ते कळलं नाही. विमान खाली येत राहिलं आणि शिखराजवळ आदळलं. ११७ जण गेले. त्यांत व्हिएन्नाला बैठकीसाठी निघालेले डॉ. होमी भाभा होते.

भाभांच्या मृत्यूबद्दल आपल्याकडे घातपाताच्या कथा आजही रंगवून सांगितल्या जातात. मला त्या कथांचा राग येतो. कारण त्यांच्या गोंगाटात खरं कारण झाकलं जातं, आणि ते कारण आपल्याच जुन्नरच्या डोंगरावर साडेतीन वर्षं आधी घडून गेलेलं होतं: आपण पुढे आलो आहोत असं वाटणं, ते पडताळून न पाहणं, आणि उंची वेळेआधी सोडणं. इटलीहून आलेल्या कंपनीचं विमान सह्याद्रीत आणि मुंबईहून गेलेलं विमान आल्प्समध्ये. दोन्हींमध्ये एकच चूक.

जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. ही दुर्बीण उभी केली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने. संस्था भाभांची, आणि स्वरूप यांना देशात परत बोलावून घेतलं तेही भाभांनीच. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेले क्षीण रेडिओ संकेत पकडून त्यांचं अंतर आणि जागा ठरवणं हे त्या तबकड्यांचं काम. दावंड्याचा डोंगर आणि खोडद, दोन्ही एकाच तालुक्यात. १९६२ साली या तालुक्याच्या आकाशातून जाणाऱ्या विमानाला आपली जागा काही किलोमीटरच्या आत सांगता आली नव्हती, त्याच तालुक्यात चार दशकांच्या आत दूरच्या आकाशगंगांच्या जागा निश्चित होऊ लागल्या.

विमानांसाठीही उपाय निघाला. डॉन बेटमन या कॅनडात जन्मलेल्या अभियंत्याने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून जमीन जवळ आल्याचा इशारा देणारं यंत्र विकसित केलं. विमानाच्या पोटातून खाली रेडिओ लहर सोडायची, ती परत यायला लागलेल्या वेळावरून पायाखालची खरी जमीन किती दूर आहे ते मोजायचं, आणि ती फार वेगाने जवळ येत असेल तर कॉकपिटमध्ये मोठ्याने ओरडायचं: वर घ्या. माउंट वेदरच्या अपघातानंतर अमेरिकेने हे यंत्र मोठ्या विमानांना सक्तीचं केलं. पुढे १९९० च्या दशकात त्यात जगभरच्या डोंगरांचा नकाशाच भरण्यात आला, त्यामुळे खालचीच नव्हे तर पुढची जमीनही यंत्राला आधी कळते. आज मुंबईला उतरणाऱ्या प्रत्येक मोठ्या विमानात सह्याद्रीची प्रत्येक धार आहे, जुन्नरच्या पश्चिमेची सुद्धा. बेटमन २०२३ साली वारले. माणसांचे जीव वाचवणाऱ्या अभियंत्यांच्या यादीत त्यांचं नाव फार वर हवं. ते आपल्या शालेय पुस्तकांत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

अलितालिया कंपनीच आता राहिलेली नाही, २०२१ च्या ऑक्टोबरात तिचं शेवटचं विमान उडालं. मुंबईचं आकाश मात्र पूर्वीपेक्षा कितीतरी भरलं आहे, नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. पूर्वेकडून येणाऱ्या विमानांना हा घाटमाथा ओलांडूनच खाली यावं लागतं. पावसाळ्यात आहुप्याच्या किंवा हातवीजच्या पठारावर ढगात उभं राहिलं तर ती दिसत नाहीत, ऐकू मात्र येतात, बऱ्याच उंचावरून.

त्या रात्रीच्या चौऱ्याण्णव माणसांची नावं परदेशातल्या कागदांत आहेत. आपल्याकडची बाजू कुठेच लिहिलेली नाही असं म्हणवत नाही, पण ती पुरेशी लिहिलेली नाही, हे नक्की. आवाज कुठल्या वाडीने आधी ऐकला, धुईत वाट काढत वर कोण गेलं, मृतदेह खाली कोणी आणले, पोलीस आणि महसूल खात्याचे लोक कुठल्या घरात राहिले, त्यांना भाकर कोणी घातली. भर लावणीत शेतं सोडून डोंगर चढणाऱ्या लोकांचं ते काम होतं, आणि ते त्यांनी कधी न पाहिलेल्या, भाषा न कळणाऱ्या माणसांसाठी केलं असणार. तेव्हा जे पंधरा वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या घरात आहेत. दर पावसाळ्यात त्यांतले काही कमी होतात.

जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या शिक्षकांना, ग्रामपंचायतींना आणि आश्रमशाळांतल्या मोठ्या वर्गांच्या मुलांना माझी कळकळीची विनंती आहे. घरातल्या, वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा आणि १९६२ च्या जुलैचं विचारा. मोबाइलवर त्यांचं बोलणं त्यांच्याच बोलीत टिपून घ्या, गावाचं नाव आणि तारीख घाला, आणि शाळेत एक वही ठेवा. डोंगरावर फिरताना धातूचा एखादा तुकडा दिसला तर तो घरी आणू नका, जागेवरच राहू द्या, जागा नोंदवा. आणि ज्यांच्या घरात या अपघाताची एखादी आठवण, चिठ्ठी किंवा छायाचित्र असेल, त्यांनी येत्या पावसाळ्याची वाट न पाहता ती लिहून काढावी.